फंगक्वेची मुले : प्रस्तावना

शाळा संपलेली आहे, पोटापाण्याचा उद्योग लागलेला नाही, आणि सक्तीच्या लष्करी सेवेत रुजू होण्याचा सरकारी हुकूम आज येतो की सहा महिन्यांनी येतो याचा काही नेम नाही, अशा मधल्या मुदतीत सापडलेल्या काही मित्रांची हकीकत तैवानचे दिग्दर्शक होउ श्याओ-श्येन यांनी १९८३ साली ‘फंगक्वेची मुले’ या चित्रपटात सांगितली. चित्रपट थोडक्या पैशांत, एका लहानशा खाजगी संस्थेच्या बळावर, नामांकित नटनट्यांवाचून तयार झाला. कथानक असे की चार वाक्यांत सांगून संपावे. आणि तरीही तारुण्याच्या उंबरठ्यावरील मुलांविषयी काही गंभीरपणे चित्रित करण्याचे ज्यांनी ज्यांनी पुढे मनावर घेतले, त्यांपैकी कित्येकांना या चित्रपटापाशी येऊन थांबावे लागले. पुढील पानांत काही तरुण प्रेक्षकांची टिपणे एकत्र केली आहेत. ती चित्रपट एकदा पाहून, त्यावर आपसांत बोलून आणि मग पुन्हा पाहून लिहिलेली आहेत. त्यांच्या आधी मी जे लिहितो आहे त्याचा हेतू एवढाच की, ज्यांना तैवान हा मुलूख अपरिचित आहे आणि होउ यांचे नाव नवे आहे, त्यांना पार्श्वभूमीची काही कल्पना यावी, आणि माणसाकडे किती अंतरावरून पाहावे, हा जो प्रश्न मला या चित्रपटाचे मर्म वाटतो, त्याकडे त्यांचे लक्ष वेधावे.

चीनची मुख्य भूमी आणि तैवानचे बेट यांच्या दरम्यान जी सामुद्रधुनी आहे, तीत पेंगहू नावाचा एक द्वीपसमूह आहे. पोर्तुगीज खलाशांनी त्याला कोळ्यांची बेटे असे नाव दिले होते आणि युरोपीय नकाशांत ते पुष्कळ काळ टिकले. ही बेटे काळ्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या खडकाची आहेत. थिजलेल्या लाव्हाचे सरळसोट खांब तेथे थेट समुद्रातून वर आलेले दिसतात, आणि फंगक्वे गावाच्या किनाऱ्यावर त्यांच्या भेगांतून लाटा आत शिरल्या म्हणजे कोंडलेली हवा भात्यासारखा सुस्कारा टाकीत वर येते. हिवाळ्याचे महिनेच्या महिने ईशान्येकडून वारा वाहतो. त्याच्या माऱ्याखाली झाडे उंच वाढत नाहीत, आणि भाजीपाल्याची रोपटीसुद्धा प्रवाळाच्या दगडांच्या बुटक्या भिंतींआड जपावी लागतात. पाऊस तुटपुंजा, जमीन हलकी, भुईमूग आणि रताळी यांपलीकडे फारसे पिकत नाही. तेव्हा प्रौढ पुरुष मासेमारीला जातात आणि तरुण मुले बोट पकडून काओश्युंग बंदराची वाट धरतात. चित्रपटाच्या पहिल्या काही क्षणांतच हा सारा भूगोल आपल्यापुढे येतो: समुद्र, बसचा थांबा, रिकामा रस्ता, आणि बिलियर्डच्या टेबलाभोवती दिवस ढकलीत उभी असलेली पोरे. वारा मात्र दिसण्याच्याही आधी जाणवतो.

आ-छिंग हा या पोरांपैकी एक. त्याचे मित्र आणि तो जुगार खेळतात, मारामाऱ्या करतात, चित्रपटगृहात चोरून शिरतात, एखादी मुलगी किनाऱ्यावर बसलेली दिसली तर फुटणाऱ्या लाटांना पाठ देऊन तिच्यापुढे वेडेवाकडे नाचतात. अशीच एक मारामारी अंगाशी येते आणि गावात राहणे अवघड होते, तेव्हा एका मित्राच्या बहिणीच्या आधाराने ते काओश्युंगला जातात, एका घरात खोली मिळवितात आणि कारखान्यात कामाला लागतात. त्याच घरात हुआंग चिन-हो हा तरुण आणि श्याओ-शिंग ही त्याची प्रेयसी राहत असतात. आ-छिंगचे मन तिच्याकडे ओढ घेते, पण तो एक शब्द बोलत नाही. हुआंग कारखान्यातील माल चोरताना सापडतो, नोकरी गमावतो आणि जहाजावर काम पत्करून निघून जातो. मध्यंतरी गावाकडे आ-छिंगचे वडील वारतात. पुढे श्याओ-शिंगही राजधानी तैपेला जाते, मित्रांपैकी एकाला लष्कराचे बोलावणे येते, आणि येथे चित्रपट संपतो. ज्यांना कथेचा शेवट आधी कळल्याने रसभंग होतो त्यांनी निश्चिंत असावे. या कथेत लपवून ठेवण्याजोगे रहस्य नाही.

आपल्या वाचकांसाठी एका गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे सैन्यात जाणे हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न असल्यामुळे, एका संपूर्ण पिढीच्या आयुष्यात सरकारने आखलेली अशी एक रेषा असू शकते, आणि त्या रेषेच्या अलीकडचा काळ हा कशाचीही सुरुवात करण्यास निरुपयोगी ठरतो, ही स्थिती आपल्याला अनुभवाने ठाऊक नाही. तैवानात १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायद्याचा अंमल होता आणि प्रत्येक धडधाकट तरुणाला काही वर्षे सैन्यात काढावी लागत. सेवा पुरी न केलेल्या मुलाला कायमची नोकरी द्यायला मालक नाखूश असे. मुलालाही कोणते वचन देण्याचा धीर होत नसे. आ-छिंग आणि त्याचे मित्र आळशी आहेत, असे एखाद्या घाईच्या प्रेक्षकाला वाटेल. माझ्या दृष्टीने त्यांच्या रिकामपणाला सरकारी मोहोर लागलेली आहे, आणि चित्रपटाने त्याविषयी एक शब्दही न उच्चारता ती आपल्याला दाखविली आहे.

काओश्युंग हेही या कथेत केवळ एक शहर म्हणून येत नाही. तेथे १९६६ साली निर्यातीसाठी माल तयार करणारा एक खास विभाग सरकारने स्थापन केला होता. परदेशांतून सुटे भाग जकातमाफीने आणायचे, स्वस्त मजुरीवर त्यांची जुळणी करायची आणि तयार वस्तू पुन्हा परदेशी रवाना करायची, असा तेथील व्यवहार. बेटाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मुलामुलींचे लोंढे तेथे आले. तैवानच्या ज्या आर्थिक भरभराटीचे पुढे जगभर कौतुक झाले, तिचा पाया या मुलांच्या बोटांनी घातला. होउ यांनी त्यावर भाष्य केलेले नाही. त्यांनी कारखान्याचा सज्जा, कामाचे टेबल, सुटीच्या वेळी दरवाजातून बाहेर पडणारी सायकलींची आणि मोटारसायकलींची गर्दी एवढेच दाखविले. आणि या गर्दीत आपला आ-छिंग कोणता, हे आपल्याला शोधावे लागते.

होउ यांचा जन्म १९४७ साली चीनच्या क्वांगतुंग प्रांतात झाला आणि ते तान्हे असतानाच कुटुंब तैवानात आले. दक्षिणेतील फंगशान या गावात ते वाढले. वडील लहानपणी गेले, आई किशोरवयात गेली. घरातील धाक असा उरला नाही, आणि गल्लीतील टोळकी, जुगार आणि हाणामाऱ्या यांच्या संगतीत त्यांची ती वर्षे गेली, हे त्यांनी स्वतः पुष्कळदा सांगितले आहे. सैन्यातील मुदत संपल्यावर त्यांनी कला अकादमीत नाट्य-चित्रपटाचे शिक्षण घेतले, काही काळ हिशेबाची इलेक्ट्रॉनिक यंत्रे विकली, आणि मग ली शिंग या ज्येष्ठ दिग्दर्शकाच्या हाताखाली उमेदवारी केली. १९८० ते १९८२ या काळात त्यांनी जे तीन चित्रपट दिग्दर्शित केले, ते लोकप्रिय गायकांना घेऊन केलेले प्रेमकथांचे चित्रपट होते आणि ते चांगले चाललेही. म्हणजे १९८३ साली त्यांच्यापुढे मळलेली, सुखाची वाट होती. ती सोडून त्यांनी, छायालेखक चेन खुन-होउ यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने, असा चित्रपट काढला की ज्यात गाणारा नायक नाही आणि ज्याचे नायकपद सतरा-अठरा वर्षांच्या न्यू चेंग-त्स या मुलाकडे दिलेले आहे. त्या सुमारास तैवानी चित्रपटात एक नवे चैतन्य उसळत होते. सरकारी पाठबळाच्या मध्यवर्ती चित्रसंस्थेने चार नवोदितांकडून १९८२ साली चार लघुकथांचा एक चित्रपट करून घेतला होता. एडवर्ड यांग हे त्या चौघांपैकी एक. दुसऱ्या वर्षी हुआंग चुन-मिंग यांच्या कथांवरील अशाच एका संयुक्त चित्रपटाचा एक भाग होउ यांनी केला. परदेशांत शिकून आलेल्या तरुण मित्रांच्या या मेळाव्यात चित्रपटाच्या शास्त्राविषयी जी चर्चा चाले, ती ऐकून आपल्याला चित्रपट कसा करायचा हेच कळेनासे झाले, असे होउ यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले.

या गोंधळातून त्यांना वाट दाखविली ती एका पुस्तकाने, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. पटकथा लिहिणाऱ्या चू त्येन-वेन या तरुण कथालेखिकेने त्यांना शेन त्सोंग-वेन या चिनी साहित्यिकाचे आत्मचरित्र वाचावयास दिले. शेन हे हूनान प्रांताच्या डोंगराळ सरहद्दीवरचे. पोरवयातच ते तेथील फौजेत शिरले आणि लोकांचे शिरच्छेद, लुटालूट, उपासमार हे सारे त्यांनी कोवळ्या डोळ्यांनी पाहिले. परंतु ते लिहिताना त्यांनी कोठे आक्रोश केला नाही, कोणावर आरोपपत्र ठेवले नाही. नदी, बाजार, शिपाई, प्रेते हे सर्व एकाच समतोल प्रकाशात मांडले. जणू उंचावरून कोणी पाहत आहे, आणि त्या पाहण्यात उपेक्षेचा लवलेशही नाही. होउ यांनी हे वाचले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते चेन यांना एकच सूचना पुन्हा पुन्हा देऊ लागले: कॅमेरा मागे घ्या, अजून मागे घ्या. अनुभवी छायालेखकाला ही सूचना किती अडचणीची वाटली असेल याची कल्पना करता येते. कारण भावनेचा क्षण आला की पुढे सरायचे, डोळ्यांतील पाणी पडदाभर दाखवायचे, हा तोपर्यंतचा धंद्याचा रिवाज होता.

मागे सरण्याचे काही व्यावहारिक लाभही झाले, आणि अल्प भांडवलाच्या चित्रपटात ते लहान नसतात. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांत चित्रण करावयाचे तर गर्दीला आवरण्यासाठी बंदोबस्त ठेवायला पैसा लागतो. कॅमेरा दूर ठेवून लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपले म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याची जाणीव राहत नाही आणि नवख्या नटालाही आपण नट आहोत याचा विसर पडतो. दृश्य न तोडता चालू ठेवले तर संवाद पाठ नसलेली मुले आपल्या बोलीत, आपल्या गतीने बोलतात, अडखळतात, मध्येच हसतात. सेट उभारण्याइतका पैसा असता तर फंगक्वेची ती दगडी घरे आपल्याला दिसली नसती. असे असले तरी, या चित्रपटाची शैली दारिद्र्यातून उपजली, हा निष्कर्ष मला मान्य नाही. गरिबीने केवळ मुभा दिली. तेवढ्याच पैशांत रडका, जवळून चित्रित केलेला चित्रपटही निघाला असता. आणि होउ यांच्या हाती पुढे भरपूर साधने आली तेव्हाही त्यांचा कॅमेरा मागेच राहिला.

मारामारीचे प्रसंग या दृष्टीने अवश्य पाहावेत. एरवी पडद्यावरील मारामारी म्हणजे तुकड्यातुकड्यांची जोडणी असते. प्रत्येक ठोशाला वेगळे चित्र, प्रत्येक चित्राला वेगळा आवाज. येथे कॅमेरा एका ठिकाणी स्थिर आहे. मुले चौकटीत येतात, एकमेकांना भिडतात, झटापट करीत चौकटीबाहेर जातात, आणि काही क्षण आपल्यापुढे फक्त ती गल्ली, एखादी भिंत आणि उन्हाची एक पट्टी एवढेच राहते. मग तीच मुले, आता कोणी पळणारा तर कोणी पाठलाग करणारा, पुन्हा चौकटीत शिरतात. त्या रिकाम्या क्षणांत प्रेक्षकाच्या मनात जे होते ते फार महत्त्वाचे आहे: मुलांच्या लेखी सर्वस्व असलेली ती झुंज गावाच्या लेखी किती किरकोळ आहे, हे त्याला उमगते, आणि तरीही पोरांना लागले तर नसेल ना, अशी चिंताही त्याच्या मनात उभी राहते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवणे, हेच मोठ्या माणसाचे पाहणे नव्हे काय? ज्याने स्वतः तशा मारामाऱ्या केल्या आणि मग पंधरा वर्षांनी त्यांच्याकडे वळून पाहिले, त्याचीच ही दृष्टी असू शकते.

दुसरा प्रसंग काओश्युंगमधला. गावाहून नुकत्याच आलेल्या या मुलांना रस्त्यात एक मोटारसायकलवाला गाठतो आणि युरोपीय चित्रपट आहे, मोठा पडदा आहे, रंगीत आहे, अशी भुलवण घालून त्यांच्याकडून पैसे घेतो. मुले बांधकाम चालू असलेल्या एका उंच इमारतीत शिरतात, मजल्यामागून मजले चढतात आणि अकराव्या मजल्यावर येऊन पाहतात तो तेथे पडदा नाही, खुर्च्या नाहीत, कोणी नाही. काँक्रीटच्या उघड्या सांगाड्यात भिंतीच्या जागी एक प्रचंड आयताकृती पोकळी आहे, आणि तिच्यातून सगळे काओश्युंग शहर समोर पसरलेले आहे. फसवले गेल्याचे लक्षात यायला त्यांना क्षणभर लागतो. मग ती मुले शिवीगाळ करून परत फिरत नाहीत. त्या पोकळीपाशी जाऊन उभी राहतात आणि पाहू लागतात. मोठा पडदा, रंगीत दृश्य. फसवणाऱ्याने दिलेले वचन अक्षरशः खरे ठरलेले असते. खेड्यातून शहरात येणाऱ्या तरुणाविषयी जगातील चित्रपटांनी पुष्कळ सांगितले आहे, पण शहर ही एकाच वेळी फसवणूक आणि भेट असते, हे इतक्या कमी खर्चात, एका अपुऱ्या इमारतीच्या भोकातून कोणी दाखविल्याचे मला आठवत नाही. प्रथम पाहताना हा प्रसंग गमतीचा वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना ती पाठमोरी मुले पाहून घसा दाटून येतो, कारण आपणही त्यांच्या मागे, त्यांच्याहून थोडे अधिक अंतरावर, तसेच एका पडद्याकडे पाहत बसलेले असतो.

आता वडिलांविषयी. आ-छिंगचे वडील एके काळी हसतमुख, धट्टेकट्टे गृहस्थ होते. बेसबॉल खेळताना चेंडू कपाळावर आदळला, हाडाला कायमचा खळगा पडला, आणि तेव्हापासून ते दारापाशी खुर्चीत बसून असतात. ते बोलत नाहीत. मुलगा घरात आला काय आणि बाहेर गेला काय, त्यांच्या चेहऱ्यावर त्याची नोंद उमटत नाही. बेसबॉल हा खेळ जपानी राजवटीने तैवानात रुजविला आणि पुढे तेथे त्याला राष्ट्रीय अभिमानाचे स्थान मिळाले. ज्या खेळावर सारे बेट जीव टाकते, त्याच खेळाने हे घर बसविले. गावात असेपर्यंत आ-छिंग वडिलांकडे धड पाहतसुद्धा नाही. घरातील मुके दुःख रोज समोर असले की तरुण मुलगा त्याला वळसा घालून जायला शिकतो, आणि यात त्याचा निष्ठुरपणा नसतो. वडिलांची आठवण त्याला येऊ लागते ती दूर गेल्यावर, आणि होउ ती कसलीही पूर्वसूचना न देता, आजच्या दृश्याशेजारी सहज ठेवून देतात: अपघातापूर्वीचे वडील, त्यांचे चालणे, त्यांच्याजवळ असलेला लहानगा आ-छिंग. ज्या माणसाला त्याने आजवर केवळ खुर्चीतील एक अडचण म्हणून पाहिले होते, त्याला एक पूर्ण आयुष्य होते, त्या आयुष्याला एक पूर्वार्ध होता, हे समुद्रापलीकडे गेल्याखेरीज त्याला दिसत नाही. मग मृत्यूची वार्ता येते आणि तो बोटीने परततो. आईवडिलांपैकी एकाला अशा रीतीने, उशिरा आणि अंतरावरून, माणूस म्हणून ओळखणे, हीच माझ्या मते या कथेतील वयात येण्याची घटना आहे. नोकरी, प्रेम आणि सैन्याचा हुकूम हे तिच्या आजूबाजूचे तपशील होत.

येथे सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५६ सालच्या त्या चित्रपटात अपू कलकत्त्यास विद्येत रमलेला असताना खेड्यात त्याची आई सर्वजया एकाकी मरण पावते, आणि मुलगा पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. पण राय आपल्याला आईपाशी नेऊन बसवितात. तिची वाट पाहणे, तिचा ज्वर, संध्याकाळची गाडी, हे आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो, आणि म्हणून अपूच्या प्रत्येक दिरंगाईबद्दल आपल्याला टोचणी लागते. होउ यांनी ही टोचणी प्रेक्षकाला लावलेली नाही. त्यांच्या कथेतील बाप वाट पाहण्याच्या पलीकडे गेलेला आहे आणि मुलाने जवळ राहून काही वेगळे घडले नसते. दोन्ही चित्रपट मला सारखेच प्रिय आहेत, तरी कोणा तरुणाला आधी कोणता पाहावा असे विचाराल तर मी ‘अपराजितो’ म्हणेन. आणि काही वर्षे जाऊ देऊन मग ‘फंगक्वेची मुले’ पाहा, असे सांगेन. इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांच्या १९५३ सालच्या ‘इ वितेल्लोनी’शीही या चित्रपटाची तुलना केली जाते, कारण तेथेही समुद्रकाठचे सुस्त गाव आणि वेळ मारणारे मित्र आहेत. साम्य आहे, पण वरवरचे. फेलिनींचे मित्र खात्यापित्या घरचे आहेत आणि वाढायला नकार देत आहेत. या पोरांना वाढायचे आहे, त्यांना मुदत मिळालेली नाही.

श्याओ-शिंगच्या बाबतीत मात्र माझी एक तक्रार आहे, आणि ती येथे नोंदविली पाहिजे. लिन श्यू-लिंग या अभिनेत्रीने तिला इतके संयत, इतके खरे रूप दिले आहे की तिच्या मनात काय चालले असेल याचे कुतूहल आपल्याला सतत वाटते. परंतु चित्रपट तिच्या मनापर्यंत कधी जात नाही. ती आ-छिंगला जेवढी दिसते तेवढीच आपल्याला दिसते. प्रियकर निघून गेल्यावर एकट्या मुलीने त्या शहरात कसे उभे राहायचे, तैपेला जायचे तिने का ठरविले, या प्रश्नांना चू त्येन-वेन यांच्यासारख्या स्त्रीलेखणीकडूनही उत्तर मिळू नये याची खंत वाटते. पुढील टिपणांपैकी एकात एका तरुण लेखिकेने हाच मुद्दा माझ्याहून अधिक कठोर शब्दांत मांडला आहे. तिच्या कठोरपणाशी मी पूर्णतः सहमत नाही, पण तिचा प्रश्न न्याय्य आहे.

संगीताची हकीकतही सांगण्याजोगी आहे. चित्रपट प्रथम तयार झाला तेव्हा त्याला त्या काळच्या लोकप्रिय ढंगाचे संगीत दिलेले होते. एडवर्ड यांग यांनी तो पाहिला आणि या चित्रांना हे संगीत शोभत नाही, असे आपल्या मित्राला सांगून त्यांनी व्हिव्हाल्डी या इटालियन संगीतकाराच्या ‘चार ऋतू’ या रचनेतील भाग सुचविले, आणि ध्वनिपट्टी नव्याने बांधण्यात आली. पेंगहूच्या वाऱ्यात मोटारसायकलवरून जाणाऱ्या कोळ्यांच्या पोरांना अठराव्या शतकातील व्हेनिसचे व्हायोलिन! ऐकून विसंगत वाटेल, पण पाहताना वाटत नाही. लोकप्रिय गीताने आपण त्या मुलांच्या शेजारी जाऊन बसलो असतो. या दूरच्या सुरांनी आपल्याला पुन्हा थोडे मागे नेले. एका दिग्दर्शकाने दुसऱ्याच्या चित्रपटासाठी इतका जीव लावावा, आणि दुसऱ्याने तो सल्ला आपल्या तयार कृतीला हात लावून मानावा, हे त्या पिढीच्या तैवानी कलावंतांच्या मैत्रीचे लक्षण आहे. दोनच वर्षांनी यांग यांच्या ‘तैपे स्टोरी’मध्ये होउ यांनी नायकाची भूमिका केली.

शेवटच्या प्रसंगात मुले बाजारात गाण्यांच्या कॅसेटी विकायला उभी आहेत. मित्राला सैन्यात जायचे आहे, माल काढून टाकायचा आहे. श्याओ-शिंगला नुकताच निरोप देऊन आलेला आ-छिंग एकाएकी स्टुलावर चढतो आणि घसा फोडून ओरडू लागतो: लष्करात चाललो, स्वस्तात घेऊन जा! आतापर्यंत जेमतेम चार वाक्ये बोललेला हा मुलगा असा गरजतो की येणारेजाणारे थबकतात. त्याच्या ओरडण्यात विक्रेत्याची हुशारी किती, मित्राविषयीची माया किती, आणि बोलून न दाखविलेल्या प्रेमाचा उमाळा किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि दिग्दर्शकही ते वेगळे काढून दाखवीत नाही. मग बाजारातील माणसे दिसू लागतात: भाजीवाल्या बायका, सायकलवाले, म्हातारे, कडेवर मुले घेतलेल्या आया.

मायदेशी या चित्रपटाने फारसा पैसा मिळविला नाही. १९८४ साली फ्रान्समधील नान्त येथील तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तेव्हापासून होउ यांचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले. १९८९ साली त्यांच्या ‘दुःखनगरी’ने व्हेनिसचा सुवर्णसिंह जिंकला. मला स्वतःला पारितोषिकांपेक्षा एका विद्यार्थ्याची साक्ष अधिक वजनदार वाटते. चीनच्या शान्शी प्रांतातील फेनयांग या आडगावचा जिया झांग-ख हा तरुण बीजिंगच्या चित्रपट अकादमीत शिकत असताना त्याला हा चित्रपट पाहावयास मिळाला. पाहून तो चक्रावला, कारण पडद्यावरील ती तैवानी मुले त्याला आपल्या फेनयांगच्या मित्रांसारखीच वाटली. दोन्ही मुलूख जवळजवळ अर्धशतक एकमेकांचे शत्रू होते, त्यांचे झेंडे वेगळे, पाठ्यपुस्तके वेगळी. आणि असे असता एका लहान गावच्या पोरांकडे कोणी प्रामाणिकपणे पाहिले, तेवढ्यावर दुसऱ्या लहान गावच्या पोराला आपल्या गावाकडे कॅमेरा रोखण्याचे धैर्य आले. त्याने १९९७ साली फेनयांगमध्येच, अगदी थोड्या पैशांत, ‘श्याओ वू’ हा आपला पहिला मोठा चित्रपट केला.

पुष्कळ वर्षे ‘फंगक्वेची मुले’ची चांगली प्रत मिळणे दुरापास्त होते. अलीकडे बेल्जियमच्या शाही चित्रपट-संग्रहालयाने त्याचा जीर्णोद्धार केला. या पुस्तिकेतील टिपणे त्या शुद्ध प्रतीवरूनच लिहिलेली आहेत आणि समुद्राच्या रंगाविषयी, वाऱ्याच्या आवाजाविषयी त्यांत जे बारकावे आले आहेत ते त्यामुळेच शक्य झाले. टिपणे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण आ-छिंगहून चार-दोन वर्षांनीच मोठे आहेत. कित्येकांनी कोकणातून, मराठवाड्यातून शिक्षणासाठी शहर गाठलेले आहे, आणि त्यांनी आपल्या वडिलांविषयी, खोलीतील सोबत्यांविषयी, गावी परत जाताना लागणाऱ्या रस्त्याविषयी जे लिहिले आहे ते चित्रपटाच्या परीक्षणात सामान्यतः कोणी लिहीत नाही. संपादकांनी ते मजकुराबाहेर काढण्याची तजवीज केली होती. ते तसेच राहू द्यावे, अशी मी विनंती केली, आणि ती त्यांनी मान्य केली याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.